बैलांची शिदोरी

"खोटं बोलायचं होतं तर निदान बैलांना तरी शिकवून आणायचं," खैरुनबी म्हणाली. तिचा उजवा हात तांबड्या बैलाच्या बरगडीवर होता आणि तो काढायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"खोटं कोण बोललं?" पाशामियाँ ओट्यावर बसून पोटरीवरच्या वाळल्या चिखलाचे पोपडे नखानं काढत होता. "तू इचारलंस खेप कशी झाली. म्या म्हणलं, झाली. ह्यात खोटं काय?"

"सात दिवस जुंपलेला बैल. जाताना ओझं, येताना गुडघाभर चिखल. त्याच्या फासळ्या लांबून मोजता आल्या पायजेत. हितं तर बोट रुततंय. अन् म्या जी गोणीभर सरकी दिली व्हती ती शिवलेल्या तोंडानं परत आली. मग ह्यांनी सात दिवस खाल्लं काय? वाटंवरचे मैलाचे दगड?"

"हिरवं खाल्लं. भादवा हाय, रस्त्याच्या दोन्ही अंगाला गवत हाय."

"हिरव्यावर काढलेला बैल पातळ हगतो. ह्यानं सकाळी काय टाकलं ते म्या माझ्या हातानं उचललंय. धाटं हाईत त्यात."

आतल्या खाटेवरून फातिमाबी, पाशामियाँची आई, ओरडली, "अगे खैरून! बैल गुबगुबीत आला तर दुसरी बाई नजर उतरवती. तू शेणाचा पंचनामा करतीस."

 खैरुनबी नवऱ्याकडे बघत राहिली. पाशामियाँनं पोपडे काढायचं थांबवलं. मग सरळ आवाजात म्हणाला, "गाडीतला कडबा खाल्ला. मग काय झालं? चाऱ्याच्या खेपेला बैल गाडीतलंच खातो. आजची रीत हाय व्हय ही?"

आजची नव्हतीच. येडशी स्टेशनच्या मागे गाडीवानांची गल्ली होती. तिथली दहा घरं भाड्याच्या बैलगाड्यांवर जगत. रेल्वेनं उतरलेलं मीठ, घासलेट, कापडाचे गठ्ठे धाराशिवला, लोहाऱ्याला पोचवायचे आणि येताना शेंगा, करडई घेऊन यायचं. ज्वारीची पोती वाहताना कुणी पोत्याला हात लावत नसे. पण माल चाऱ्याचा असेल तर वाटेत बैलांनी त्यातलंच खायचं, हा गाडीवानांचा हक्क होता. तो कुणी खिरापतीत दिला नव्हता. पाशामियाँच्या बापाच्या काळात एका आडत्यानं पेंढ्या कमी भरल्या म्हणून कटकट केली, तेव्हा म्हाताऱ्यानं जू खाली ठेवलं होतं. त्याचं बघून साऱ्या गल्लीनं ठेवलं. तीन दिवस स्टेशनावर माल भिजत पडला, तेव्हा कुठं आडते गप बसले. पाशामियाँ आता गाडीवानांचा जमादार होता, म्हणजे रांगेत सगळ्यात पुढची गाडी त्याची. ती रीत त्याला बापाकडून घरासारखी मिळाली होती.

खैरुनबीला हे सगळं ठाऊक होतं. पण ही खेप भाड्याची नव्हती.

जर्मन-जपानची लढाई संपली त्या सालचा तो भादवा. तेरणा अशी आली की लोहाऱ्याच्या अंगाची नदीकाठची गावं दोन दिवस पाण्यात उभी राहिली. माणसं माळावर पळाली, बरीच जनावरंही वाचली; पण गंज्या गेल्या. वर्षभराचा रचलेला कडबा नदीनं उचलून नेला, काठचं गवत गाळाखाली गेलं, आणि वाचलेली जनावरं चिखलात उभी राहून एकमेकांच्या शेपट्या चघळू लागली. ही बातमी गाडीवानांनीच वर आणली. येडशीच्या आजूबाजूला डोंगराची गावं, तिथं पाणी थांबत नाही. लोकांनी आपल्या गंजीतून कुणी दहा पेंढ्या, कुणी पन्नास काढून दिल्या. स्टेशनामागच्या मोकळ्या वखारीत कडब्याचा ढीग छताला टेकला. पण तिथून लोहारा साडेतीन दिवसांची वाट, ती कोण चालणार? तेव्हा पाशामियाँनं कुणी न विचारता सांगितलं, आमी नेतो, भाडं न्हाय. गल्लीतल्या अकराच्या अकरा गाड्या त्याच्यामागे निघाल्या. ज्या दिवशी तो हे बोलला त्या दिवशी खैरुनबीनं त्याला ताटात भाकरीवर तुपाची धार वाढली होती, आणि तूप त्या घरात सणालाच निघायचं.

म्हणूनच आजचा राग जास्त होता.

धाकटा दीर महेबूब घरच्याच दुसऱ्या गाडीचा गाडीवान. तो अंघोळ करून ओल्या डोक्यानं आला आणि भांडण विझवायला म्हणून त्यानं त्यात घासलेट ओतलं.

"भाभी, भाईच्या बैलांनी तरी मुक्कामावर खाल्लं. माझी जोडी तर चालता चालता जेवली! भाईच्या गाडीचं शेपूट माझ्या बैलांच्या तोंडात. माझ्या गाडीचं शेपूट गोरोबाच्या बैलांच्या तोंडात. शेवटचा ज्ञानोबा. त्याच्यामागं कुणीच न्हाय, म्हणून त्याची गाडी तेवढी गोल ऱ्हायली. बाकीच्या धाही गाड्या मागनं अशा कुरतडलेल्या, जसं उंदरानं..."

"मुसकी बांधली नव्हती?"

"कशाला? चाऱ्याच्या खेपेला मुसकं कोण बांधतं?"

पाशामियाँनं डोळ्यांनी त्याला गप केलं, पण महेबूबला गोष्ट सांगायचा नाद होता. "पोचलो तर वाटताना पेंढ्या पुरंनात. काठचिंचोलीचा एक म्हातारा, गुंडाप्पा त्याचं नाव. सगळ्यात मागं उभा. त्याच्यापतुर येईस्तोवर गाडी रिकामी. मग त्यानं काय करावं? घोंगडं अंथरलं अन् गाडीतला पडलेला पाला, चुरा हातानं गोळा केला, गाठोडं बांधलं. वर म्हणतो, 'डोंगराच्या लोकांचंबी यंदा वढातानीचंच दिसतंय, बाबा. त्यांनी तरी किती द्यावं!'"

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

खैरुनबी तेरखेड्याची. बाप शोभेच्या दारूचं काम करायचा. लग्नातले बाण, झाडं, भुईनळे. त्या घरात 'असंल थोडंफार' हा शब्दच नव्हता. थोडंफार चुकलं की घराचं छप्पर जायचं. चिमटीत किती मावतं हे तिला अक्षरं न शिकता कळत होतं. पंधराव्या वर्षी ती या गल्लीत आली तेव्हा नवरा महिन्यातले वीस दिवस वाटेवर असायचा. मग घरी असलेल्या बैलांचं दाणावैरण तिनं अंगावर घेतलं, आणि पंचवीस वर्षांत गल्लीतल्या कुठल्याही बैलाला काय दुखतंय हे ती त्याच्या मालकाआधी सांगू लागली. गल्लीत लोक म्हणत, पाशामियाँ आधी बैलांना विचारतो, मग घरात शिरतो. हे चेष्टेत म्हणत, पण बैल आजारी पडला की तिच्याच दारात आणून बांधत.

आता तिनं बोटांच्या पेरांवर मोजायला घेतलं. एका गाडीत तीनशे पेंढ्या. जोडीला दिवसाला सोळा. जाण्याचे, येण्याचे मिळून सात दिवस.

"अकरा गाड्या निघाल्या," ती म्हणाली, "पोचल्या सात. चार गाड्या बैलांच्या पोटात गेल्या. अन् तिथला म्हातारा म्हणतोय, डोंगराच्या लोकांनी हात आखडला. ज्यांनी दिलं त्यांचं तोंड काळं केलंत तुम्ही."

"मग काय बैल उपाशी हाणू?"

"घरची गंजी हाय."

पाशामियाँ उठून उभा राहिला. हे तिनं बोलायला नको होतं असं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. गल्लीत एक शिस्त होती: पावसाळ्यात बैल गायरानावर, गंजी दिवाळीपर्यंत उघडायची नाही. त्यांच्या परसातली गंजी चार बैल आणि एक म्हैस यांना नवा कडबा येईपर्यंत, म्हणजे फाल्गुनापर्यंत जेमतेम पुरणारी होती. ती आत्ता उघडली तर माघात दावणीला काय टाकायचं?

"हे बघ," तो म्हणाला. त्याचा आवाज आता भांडणाचा नव्हता. "आपली गंजी हाय. बिरूची बघ, कंबरंएवढी हाय. ही माणसं एक पै न घेता माझ्या शब्दावर आली. त्यांना म्हणू, आता बैलाचा घासबी घरनं आणा? अन् दुसरं सांगतो. आज आमी चाऱ्याच्या खेपेला घरची वैरण नेली, तर उद्या आडता म्हणल, त्या वक्ताला न्हेली का न्हाय? मग आताबी न्या. बापानं तीन दिवस जू खाली ठेवून कमावलेलं म्या एका खेपेत घालवू?"

 हे त्याचं खरं होतं. भांडणात नवऱ्याचं एखादं बोलणं खरं निघालं की खैरुनबीला फार राग येत असे. ती सरकीची गोणी उचलून आत गेली.

दुसरी खेप सात दिवसांनी निघायची होती.

दोन दिवस ती घरात बोलली ते कामापुरतं. जाऊ सायराबी दोन महिन्यांची बाळंतीण, तिला शेकशेगडी केली. म्हशीची धार काढली. स्टेशनवरच्या चहावाल्याकडे दूध पोचवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ती गोरोबाच्या घरी गेली. त्याची बायको अयोध्या अंगणात पालथ्या घातलेल्या पाटीवर बसून गवत निवडत होती.

"या आपा. तुमच्या घरचं भांडण आमच्या भिंतीतनं आलं," अयोध्या म्हणाली. "आमचे ह्ये म्हणाले, पाशाभाईला जेवाय तरी घातलं का बघून ये."

"घातलं. चावत व्हतं तवर बोललं न्हाय, तेवढंच सुख." खैरुनबी समोर टेकली. "अयोध्या, तुझी भैन वारली तवा गोरोबा गाडी जुंपून गेला व्हता न्हवं कळंबाला?"

"गेले की. तीन दिवस व्हते."

"बैलांनी काय खाल्लं?"

"घरचं. म्याच दोन भारे बांधून दिले. मयताच्या घरचा घास कोण खातं, आपा? आपली भाकरबी आपुन बांधून नेतो. उलट त्यांनाच नेऊन देतो."

"अन् तवा रीत मोडली का गाडीवानाची?"

"रीत कशानं मोडंल? ती काय भाड्याची खेप व्हती?"

 अयोध्याचे हात गवतात थांबले. तिनं आपल्याच बोलण्याकडे जरा वळून बघितल्यासारखं केलं.

"तुम्ही लई वंगाळ बाई हाव," ती शेवटी म्हणाली. "माझ्याच तोंडानं वदवलंत."

"तेरणाकाठाला काय लगीन हाय, अयोध्या? चूल पेटंना त्या घरात आपले बैल जेवून आले."

"पर आपा, आमची गंजी तुमच्याएवढी न्हाय."

"ते म्या बघितलंय. ऐक. आपुन बैलाम्होरं आख्खी पेंढी टाकतो. तो पाला खातो अन् धाटं तुडवतो. निम्मं पायाखाली जातं. तीच बारीक तोडून, सरकी लावून, भिजवून दिली तर निम्म्यात भागतं. सात दिवसांचा घास दोन-तीन गोण्यांत बसंल. गोण्या गाडीखालच्या झोळीत अन् बसायच्या जागी. वर दानाचा माल जसाच्या तसा. अन् परतीचा घास जातानाच मुक्कामावर ओळखीच्या घरी ठेवून द्यायचा, म्हंजी वज्जं कमी."

"अन् एवढा कडबा तोडायचा कुणी?"

"बैल काय स्वतः तोडतील?"

अयोध्या हसली आणि मग हसायची थांबली, कारण तोडणारे हात कुणाचे ते तिला दिसलं. दहा घरं, बावीस बैल, हातात एक विळा.

त्या संध्याकाळी गल्लीतल्या दहा घरांत बायकांनी काय सांगितलं ते कुणी कुणाला सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळपासून एकेक गाडीवान पाशामियाँच्या ओट्यावर येऊ लागला. आधी गोरोबा आला. तंबाखू मळली, पावसाचं विचारलं, रेल्वेचं विचारलं, मग म्हणाला, "पाशाभाई, म्या काल आसाच इचार करत व्हतो..."

"कसला?"

"न्हाय, म्हंजी ही काय भाड्याची खेप न्हाय."

तो गेला तोच बिरू आला. त्यानंही असाच विचार केला होता. ज्ञानोबा आला, त्याला तर हे झोपेतून उठताना सुचलं होतं. दुपारपर्यंत नऊजणांना एकच गोष्ट आपली आपण सुचली. पाशामियाँ प्रत्येकाचं गंभीरपणे ऐकून घेत होता. खैरुनबी दाराआड ज्वारी पाखडत होती. सुपाचा आवाज मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा.

शेवटचा माणूस गेल्यावर पाशामियाँनं घसा साफ केला आणि दाराकडे न बघता म्हणाला, "भाडं घेतलं असतं तर रीत लागली असती. भाडंच न्हाय तर रीत कशाची? आडता बोलला तर म्या त्याला हेच इचारीन. तू भाडं न देता न्हे म्हण, मग घरची वैरण आणतो."

"बराबर हाय तुमचं," दाराआडून आवाज आला. "लई इचारानं बोललात."

त्यानं दाराकडे बघितलं. सूप पुन्हा चालू झालं होतं.

गंजी उघडायची ती खैरुनबीनं स्वतः उघडली. वरचा झाकणीचा थर बाजूला केला, आतला कडबा अजून पिवळा, कोरडा होता. त्याचा वास परसातून घरात आला आणि म्हैस दाव्याला हिसके देऊ लागली. दोन दिवस गल्लीत दुसरं काम नव्हतं. प्रत्येक अंगणात लाकडाचा ओंडका, त्यावर पेंढी, आणि विळा. पहिल्या दिवशी हातांना फोड आले, दुसऱ्या दिवशी फुटले. अयोध्या म्हणाली, "पुरुष लोक सात दिवस चिखलात जाऊन आले तर गावानं हार घालायचं काढलं. आपल्याला हार कोण घालतंय?" खैरुनबी म्हणाली, "फोडांवर हळद घाल, तोच हार."

फातिमाबीला हा सगळा खेळ मान्य नव्हता. आपल्या नवऱ्यानं कमावलेली रीत सून विळ्यानं तोडते आहे, असं ती दिवसभर भिंतीला सांगत होती. पण बोलता बोलता तिनं अंबाडीचा वाख पुढे ओढला आणि मांडीवर दोरी वळायला घेतली. संध्याकाळी तिच्या खाटेखाली चार मुसकी तयार होती. बैलाच्या तोंडाला बसतील अशी, फार घट्ट नाही, फार सैल नाही. "बघतीस काय?" ती सुनेला म्हणाली. "तुझ्या त्या अयोध्याला वळता येत न्हाईत. तिची मुसकी म्हंजी भाजीची जाळी. बैल त्यातनं पोथी वाचंल."

दुसरी खेप निघाली तेव्हा अकरा गाड्यांतल्या बावीस बैलांची तोंडं बांधलेली होती. स्टेशनवरची माणसं बघायला उभी राहिली. चाऱ्याच्या गाडीला मुसकी बांधलेले बैल त्यांनी कधी बघितले नव्हते.

गाड्या आठव्या दिवशी परतल्या. पाऊस लागला होता, शेवटच्या काळ्या रानात चाकं आसापर्यंत रुतली होती, दर गाडीला चार-चार बैल जुंपून एकेक ओढून काढावी लागली होती. पाशामियाँच्या गालाची हाडं वर आली होती. खैरुनबी बैलांजवळ गेली, तांबड्याच्या बरगडीवर हात ठेवला. बोट रुतलं नाही. एक-दोन-तीन करत फासळ्या हाताला लागल्या.  तिनं दोन्ही जोड्यांना कोमट पाणी दाखवलं, खांद्यांना तेल-हळद चोळली, मग नवऱ्याला अंघोळीचं पाणी काढलं.

भाकरी मोडताना पाशामियाँ आपण होऊन बोलला. "अकराच्या अकरा पोचल्या. भरल्या तशा. समद्यांना पुरल्या."

"तो म्हातारा?"

"गुंडाप्पा? त्याला वीस पेंढ्या आल्या. त्यानं त्या मांडून ठेवल्या अन् आमच्या बैलांकडं बघत उभा ऱ्हायला. इचारलं, 'तोंडं का बांधलीती?' म्या काय बोललो न्हाय. गोरोबाला ऱ्हावतंय व्हय, त्यानं समदं सांगितलं. घरची वैरण, बायकांनी तोडली, मयताच्या घरचा घास खात न्हाईत. समदं." पाशामियाँ पाणी प्यायला. "म्हातारा उठला. तांबड्याचं मुसकं सोडलं. आपल्या विसातली एक पेंढी उचलली अन् त्याच्या तोंडाम्होरं धरली. म्या हात धरला त्याचा. म्हणलं, आप्पा, नगं. तर म्हणला, 'तुमचं तुम्ही पाळलंत, आमचं आमाला पाळू द्या. दारातनं बैल उपाशी गेला तर आमचं ऱ्हायलं काय? गंजी गेली, आता हेबी जाऊ?'"

त्यानं भाकरीचा आणखी एक तुकडा मोडला.

"मग?" सायराबीनं बाळाला थोपटत विचारलं.

"मग खाल्ली तांबड्यानं. आख्खी." पाशामियाँ बायकोकडे बघून कबुली दिल्यासारखा म्हणाला, "एक पेंढी. दानातली."

"एक चालती," खैरुनबी म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी भाकरी वाढली.

पण वखारीत अजून एक खेप शिल्लक होती. उलट बातमी फिरली तशी आणखी गावांनी पेंढ्या आणून टाकल्या होत्या. आणि गल्लीचा दम संपत आला होता. बिरूच्या घरची गंजी गुडघ्यावर आली. ज्ञानोबाची त्याहून खाली. दोघं पाशामियाँकडे आले, या वेळी तंबाखूही मळली नाही. बिरू म्हणाला, "पाशाभाई, बैल न्यायला म्या तयार हाय. बैलाला द्यायला न्हाय. इकतची वैरण घेऊन फुकट खेप करू, एवढा म्या मोठा न्हाय." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, नुसती शरम होती, आणि ती तक्रारीहून ऐकायला कठीण होती.

ते गेल्यावर पाशामियाँ म्हणाला, "बास झालं. दोन खेपा झाल्या. कुणी बोट दाखवणार न्हाय. नऊ गाड्यांनी काय न्यायचं ते नेऊ, न्हायतर वखारीतला माल पुन्हा रस्ता वाळल्यावर बघू."

"वखारीचं छप्पर गळतंय," खैरुनबी म्हणाली. "रस्ता वाळंस्तोवर कडबा काळा पडंल."

"मग तूच सांग. आपली गंजी बघितलीस?"

तिनं बघितली होती. रोजच बघत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा परसात गेली आणि गंजीला हातानं वेटाळून, कोपर टेकवून माप घेतलं. तिसऱ्या खेपेला घरच्या दोन गाड्यांचा घास काढला तर उरलेल्या कडब्यावर चार बैल आणि म्हैस पौषापर्यंत जातील, फाल्गुन दूरच. त्यात बिरूचं आणि ज्ञानोबाचं धरलं तर मार्गशीर्षही कठीण. दावणीला पाच तोंडं होती. बैल कमी करता येणार नव्हते. बैल म्हणजे घर. पाचवं तोंड म्हशीचं, आणि ते दीड बैलाएवढं खायचं.

म्हैस तिची होती. लग्नात बापानं पारडी दिली होती, तिच्या नातीची ही नात. तेरखेड्याहून या घरात खैरुनबीच्या नावावर आलेली तेवढी एकच गोष्ट. तिच्या दुधावर फातिमाबीचा सकाळचा चहा, सायराबीचं बाळंतपण आणि स्टेशनवरचा रतीब चालत होता. रतिबाच्या दुधावर खैरुनबीला घरात कुणाकडं हात न पसरता लुगडं घेता येत होतं. ती म्हशीजवळ बराच वेळ उभी राहिली. तिच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर अंगठा फिरवला, कानातली गोचीड काढली. म्हैस तिच्या पदराला सरकीचा वास येतो म्हणून पदर चघळू लागली. खैरुनबीनं पदर सोडवून घेतला नाही. गुंडाप्पाच्या दारात नसलेल्या गंजीतून निघालेली ती एक पेंढी तिच्या डोक्यातून दोन दिवस जात नव्हती. विसातली एक देणारा माणूस आणि पाचातलं एकही तोंड न सोडणारी बाई, यांतलं मोठं कोण, हा हिशेब पेरांवर करायचा नव्हता.

मग ती आत आली. दिवेलागणीला सगळे जेवायला बसले. आमटीचं भांडं तिनं मध्ये ठेवलं.

"अम्मा, तुमचा चहा उद्यापासून काळा," ती म्हणाली.

फातिमाबीचा घास हातात राहिला. "का? म्हशीला काय झालं?"

"काय झालं न्हाय."

"अगे, मग..."

पाशामियाँनं मान वर केली. त्याला कळलं होतं. "खैरून, ती तुझी हाय. तिला हात लावायची गरज न्हाय. म्या कुणाला शब्द दिलेला न्हाय."

"भाभी, बाळंतिणीचं..." महेबूबनं सुरू केलं, आणि सायराबीनं त्याला कोपर मारलं.

खैरुनबीनं सगळ्यांना वाढून घेतलं, स्वतःचं ताट पुढं ओढलं आणि भाकरी मोडली.

"म्हैस उद्या सकाळी तेरखेड्याला माझ्या भावाकडं जाती. महेबूब सोडून येईल. फाल्गुनात परत आणू. सायराला पावशेर दूध रोज अयोध्याच्या घरनं येईल, म्या बोलून आलीय. म्हशीच्या वाटणीचा कडबा बिरूच्या अन् ज्ञानोबाच्या बैलांना तोडायचा. परवा अकरा गाड्या निघतील."